सहा अक्षरांचा लोप

जुनी, आरामदायी, डिझेलवर चालणारी सलून मोटार या संज्ञेतील प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे तपासून घ्यावा लागतो, कारण विकणारा तो ज्या अर्थाने उच्चारतो त्या अर्थाने तो घेणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. ‘सलून’ हा शब्द मराठीत केशकर्तनालयाने पूर्वीच व्यापलेला असल्यामुळे बाजारात अशा गाडीला ‘सेडान’ म्हणतात. पुढे इंजिनाची पेटी, मध्ये माणसांची आणि मागे सामानाची, म्हणजेच डिकी, अशा तीन पेट्या एकापुढे एक जोडलेली बंद छताची गाडी एवढाच तिचा शास्त्रीय अर्थ आहे. ‘जुनी’ या शब्दाऐवजी विक्रेते ‘वापरलेली’ असे म्हणतात, आणि वापरणारा नेहमी डॉक्टर असतो. जिचा पहिला मालक डॉक्टर नव्हता अशी एकही वापरलेली गाडी प्रस्तुत लेखकाला महाराष्ट्रात कोणी दाखवलेली नाही, आणि यावरून या राज्यातील वैद्यकीय व्यवसाय हा मुख्यतः गाड्या हळुवारपणे वापरून त्या योग्य वेळी विकण्याचा जोडधंदा म्हणून चालतो असा निष्कर्ष काढण्यास हरकत नसावी. लेखकाने एप्रिल २०१६ मध्ये घेतलेली, २००५ सालची, ‘बारा पासिंग’ची, म्हणजे पुण्याच्या परिवहन कार्यालयात नोंदलेली गाडीही अर्थातच डॉक्टरांची होती, मात्र फॉर्म २९ आणि ३० भरून मालकी हस्तांतरित करताना कागदोपत्री पहिला मालक विटांचा व्यापारी निघाला, तेव्हा दलालाने त्यांचे जावई डॉक्टर असल्याचे सांगून शास्त्र सांभाळले.

‘आरामदायी’ या विशेषणाकडे अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे. चांगल्या सलून गाडीचे वजन तेराशे किलोच्या आसपास असते, तिच्या दारांच्या कडांना जाड रबर असते, आसने बसणाऱ्याच्या पाठीचा विचार करून घडवलेली असतात, आणि रस्त्यातील खड्ड्याने चाकाला दिलेला तडाखा आसनापर्यंत पोहोचेतो त्याची केवळ वार्ता उरते. परंतु या सुखाला एक नियम लागू आहे, आणि तो असा की गाडीतील अस्वस्थता नष्ट होत नाही. ती मागच्या आसनावरून उठते आणि मालकाच्या मांडीवर येऊन बसते. ज्या गाडीत सगळेच वाजते तीत काहीच ऐकू येत नाही, पण जी गाडी गप्प असते तिचा मालक दिवसरात्र कान टवकारून बसलेला असतो. डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातून, चौथ्या गिअरमध्ये आणि तेही डावीकडे वळतानाच येणारा ‘टिक्’ असा एक ध्वनी लेखकाने सात महिने ऐकला, त्यासाठी तीन गॅरेजे पालथी घातली, आणि प्रत्येक गॅरेजच्या दारात तो ध्वनी पाहुण्यांसमोर शहाण्यासारखे वागणाऱ्या मुलाप्रमाणे गप्प बसला. घरातील अन्य सदस्यांना तो कधीच ऐकू आला नाही. लेखकाच्या पत्नीने या विषयावर कानाच्या डॉक्टरांना भेटण्याची सूचना केली, आणि डॉक्टर म्हटल्यावर लेखकाच्या मनात आधी त्यांच्या गाडीचाच विचार आला, यावरून या छंदाची खोली लक्षात यावी.

राहिले डिझेल. हे मुळात तेलाचे नाव नसून माणसाचे आडनाव आहे. रुडॉल्फ डिझेल हा १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मलेला जर्मन अभियंता, आणि त्याचे इंजिन १८९७ साली ऑग्सबर्ग येथे समाधानकारक रीतीने चालले. पेट्रोलच्या इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबून त्याला विजेची ठिणगी लावावी लागते, तर डिझेलच्या इंजिनात केवळ हवाच तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतकी दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तीत फवारलेले इंधन आपले आपण पेट घेते. दोन्ही इंधनांच्या स्वभावातील हा फरक पुढील कथनासाठी महत्त्वाचा आहे. डिझेल हे कोकणी माणसाप्रमाणे असून त्याला दाबले की ते पेटते; उलट पेट्रोल कितीही दाबले तरी शांत राहावे आणि ठिणगी पडल्यावरच पेटावे यासाठीच ते शुद्ध केलेले असते, आणि हा संयम जितका अधिक तितके ते उच्च प्रतीचे समजले जाते.

मर्सिडीज-बेंझने १९३६ साली ‘२६० डी’ ही डिझेल मोटार आणली तेव्हा तिला प्रथम टॅक्सीवाल्यांनी आपलेसे केले, आणि तेव्हापासून डिझेल मोटारीला श्रमिकाचा जो शिक्का बसला तो पुसला गेला नाही. भारतात अँबॅसडरला डिझेल इंजिन मिळाले तेव्हा ती उभ्या जागी पिठाच्या गिरणीसारखी थरथरत असे, आणि तीत बसून बोलणाऱ्या माणसाचे शब्दही दळून येत. पुढे इंजिने सुधारली. त्यातच सरकारने डिझेलचा दर दीर्घकाळ दाबून धरल्यामुळे २०१२ च्या सुमारास दोन्ही इंधनांत लिटरमागे तीस रुपयांच्या जवळपास अंतर पडले आणि मध्यमवर्गाला डिझेलची गोडी लागली. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो दर नियंत्रणमुक्त झाला, २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली, आणि जुन्या डिझेल सलूनच्या किमती उतरू लागल्या. लेखकासारख्या माणसाला अशी गाडी परवडली ती या राष्ट्रीय घडामोडींमुळे. गाडीच्या कंपनीचे नाव येथे दिलेले नाही, कारण पुढील प्रकरणात कंपनीचा काडीइतकाही दोष नाही.

दोष सहा अक्षरांचा होता, किंवा अधिक नेमके सांगायचे तर त्यांच्या अभावाचा. इंधनाच्या टाकीच्या बाहेरील झाकणावर रोमन लिपीत ‘डिझेल’ असे सहा अक्षरांत लिहिलेली पिवळी चिकटपट्टी होती. लेखकाने गाडी घेतल्यापासून भेटेल त्याला ‘डिझेल आहे हे आवाजावरून कळतच नाही’ असे सांगण्याचा परिपाठ ठेवला होता आणि समोरचा माणूस सौजन्याने मान डोलावत असे. पण तेवढ्यात त्याची दृष्टी त्या पट्टीकडे जाई आणि सिद्धांत कोसळे. म्हणून एका रविवारी पत्नीच्या हेअर ड्रायरने ती पट्टी तापवून, खोबरेल तेलाच्या बोळ्याने डाग पुसून, ती समूळ काढून टाकण्यात आली. व्याकरणात वर्ण नाहीसा होण्याला ‘लोप’ म्हणतात. स्वतः रुडॉल्फ डिझेलही २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडकडे निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवर जेवण करून आपल्या खोलीकडे गेला आणि सकाळी कोठेच नव्हता, ही गोष्ट लेखकाला ठाऊक होती. तिच्यातून काही इशारा घ्यावा असे मात्र त्याला त्या रविवारी वाटले नाही.

प्रवास घडला तो १९ नोव्हेंबर २०१६ रोजी, शनिवारी. त्यापूर्वी अकरा दिवस, म्हणजे ८ नोव्हेंबरच्या रात्री, पाचशे आणि हजार रुपयांच्या नोटा चलनातून बाद झाल्या होत्या; पेट्रोल पंपांवर मात्र त्या २४ तारखेपर्यंत चालणार होत्या आणि राष्ट्रीय महामार्गांवरील टोल तेवढ्या काळापुरता माफ होता. जुन्या नोटांत इंधन आणि फुकटात रस्ता, असा योग पंचांगातही सहसा सापडत नाही. शिवाय लेखकाची आत्या, वय वर्षे शहात्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, हिला गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनाला जायचे होते. तिच्या मणक्याचे दुखणे हे ही गाडी घेण्यामागील अधिकृत कारण असल्यामुळे त्या कारणाचा निदान एकदा तरी उपयोग करणे क्रमप्राप्त होते. प्रवासी तीन: चालकपदी लेखक, शेजारी पत्नी, मागे उशीसह आत्या.

खंबाटकीचा घाट तेव्हा जाताना चढावा लागे आणि येताना बोगद्याने चुकवता येई. साताऱ्याजवळ उजव्या हाताला अजिंक्यतारा दिसला. कंदी पेढे घेता आले नाहीत, कारण सुटे नव्हते. उंब्रजला महामार्ग सोडून गाडी पाटणच्या रस्त्याला लागली आणि वाटेतील एका पंपावर, जेथे जुन्या नोटा बाळगणाऱ्या मनुष्यमात्राने एकच गर्दी केली होती, लेखकाने रांगेत गाडी उभी केली.

सुटे पैसे परत मिळणार नाहीत, अशी पाटी पंपावर होती, म्हणून लेखकाने काचेतून पाचशेच्या पाच नोटा पुढे केल्या आणि ‘अडीच हजाराचं टाका’ असे सांगितले. पंपावरील तरुणाने झाकण उघडले, त्यावर काहीही लिहिलेले नव्हते, त्याने गाडीकडे पाहिले, ती लांब, रुपेरी आणि डॉक्टरी दिसत होती, आणि त्याने विचारले, “साहेब, प्रीमियम की साधं?” हा प्रश्न पेट्रोललाही लागू पडतो आणि डिझेललाही. काटकसरी स्वभावाच्या लेखकाने “साधं” असे उत्तर दिले. पेट्रोलची नळी डिझेलच्या नळीहून बारीक असल्यामुळे ती डिझेल गाडीच्या टाकीत बिनबोभाट शिरते, उलट डिझेलची जाड नळी पेट्रोल गाडीच्या तोंडाशीच अडते. म्हणजे निसर्गाने एका बाजूच्या मूर्खांसाठी संरक्षण ठेवले आहे आणि दुसऱ्या बाजूच्यांना वाऱ्यावर सोडले आहे. अडीच हजारांत एकेचाळीस-बेचाळीस लिटर बसायला हवे होते, काट्यावर पस्तिसाच्या आत-बाहेर आकडा थांबला. लेखकाने तो पाहिलाही, पण त्या वेळी तो पाचवी नोट फाटकी नसल्याबद्दल मागच्या मोटारसायकलवाल्याला साक्षीस बोलावत होता. सात महिन्यांत अनेकांनी मान डोलावली, परंतु ही गाडी डिझेलची वाटत नाही या विधानावर खरोखर विश्वास ठेवणारा पहिला मनुष्य त्या पंपावर भेटला.

टाकीत काहीही ओतले तरी नळीत आणि फिल्टरमध्ये जुने डिझेल उरलेले असते आणि तेवढ्यावर गाडी काही किलोमीटर धावते. त्या काही किलोमीटरांत लेखकाने पाटणकडे तोंड करून गाडीच्या शांततेवर एक छोटेखानी व्याख्यान दिले. व्याख्यान संपत आले असता मागून आत्या म्हणाली, “अरे, हे टिक् टिक् कसलं वाजतंय?” सात महिन्यांनंतर अखेर साक्षीदार मिळाल्याच्या आनंदाने लेखकाने पत्नीकडे विजयी मुद्रेने पाहिले. तेवढ्यात त्या टिक् टिक्‌चे टक् टक् झाले, टक् टक्‌चे खड् खड् झाले, पायाखालचा पॅडल रिकाम्या पोत्यासारखा दबू लागला, मागे पांढरट धुराचा पिसारा उभा राहिला, आणि पाटण मागे टाकून थोडे पुढे, डावीकडे शेत आणि दूर झाडीत कोयनेची चमक दिसत असताना, गाडी दोन आचके देऊन थांबली. किल्ली पुन्हा फिरवू नये असा यात नियम आहे, कारण डिझेल हे इंधन असण्याबरोबरच पंपाच्या आतील भागांचे वंगणही असते आणि पेट्रोल ते वंगण धुऊन नेते. लेखकाने किल्ली अकरा वेळा फिरवली.

बंद पडलेल्या गाडीभोवती माणसे जमतात हे सर्वज्ञात आहे, परंतु ती कोठून येतात हे अद्याप कोणाला सांगता आलेले नाही. पाच मिनिटांपूर्वी ज्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हते तेथे नऊ तज्ज्ञ उभे राहिले. एकाने बेल्ट गेल्याचे निदान केले, दुसऱ्याने गाडी तापल्याचे, तिसऱ्याने वाकून काही न पाहता ‘चेंबर फुटलंय’ असे सांगितले. चेंबर म्हणजे इंजिनाखालील तेलाची थाळी, जी ठेंगण्या सलून गाड्यांत गतिरोधकावर आपटून फुटते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. प्रत्यक्षात तो ज्याच्या दारात असतो त्याच्या रागाइतका उंच असतो, ही तक्रार येथे जाता जाता नोंदवून ठेवणे भाग आहे. चेंबर शाबूत निघाल्यावर एका टेम्पोचालकाने ‘सेन्सर’ असे म्हटले आणि सर्वांनी माना हलवल्या. सेन्सर हा यंत्रशास्त्रात भूतबाधेला पर्यायी शब्द असून तो उच्चारला की पुढील चर्चा थांबते.

दीड तासाने मोटारसायकलवरून मिस्त्री आले. (यंत्रदुरुस्ती करणाऱ्याला पुण्यात ‘मेकॅनिक’ म्हणतात आणि जेथे त्याचा उपयोग होतो तेथे ‘मिस्त्री’.) त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. टाकीचे झाकण काढून त्यांनी नाक खाली नेले, कानावरची विडी काढून शेजारच्याच्या हाती दिली, त्याला वीस पावले लांब जायला सांगितले, तार बुडवून एक थेंब तळहातावर घेतला आणि सर्वांना थांबायला सांगितले. डिझेल तळहातावर तेलकट पसरून राहते, पेट्रोल गारवा देऊन उडून जाते. तळहात पाहता पाहता बराचसा कोरडा झाला. “साहेब, ह्यात प्याट्रोल हाय,” मिस्त्री म्हणाले. लेखकाने हे अशक्य असल्याचे सांगितले. मिस्त्रींनी नळी टाकीत सोडली, तोंडाने ओढली, एक घोट थुंकून टाकला, क्षणभर विचार केला आणि निर्णय दिला, “अकरा आणं प्याट्रोल, पाच आणं डिझेल.” टाकीत आधी पंधरा लिटर डिझेल होते आणि वर पस्तीस लिटर पेट्रोल पडले होते, त्रैराशिकाने पेट्रोलचे प्रमाण अकरा पूर्णांक दोन दशांश आणे भरते. एवढ्या अचूक प्रयोगशाळेसमोर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

“अहो, पण झाकणावर लिहिलेलं होतं ना?” असे पत्नीने याच वेळी विचारले. त्यानंतर काही काळ कोणीच काही बोलले नाही.

टाकी उपसायला वेळ लागणार होता म्हणून शेतापलीकडच्या घरातील म्हातारीने सर्वांना चहाला बोलावले. घरात वीज सकाळपासून नव्हती. या रस्त्याने पुढे गेले की १०३ मीटर उंचीचे कोयना धरण येते, त्या प्रकल्पाची वीजनिर्मितीची क्षमता १९६० मेगावॉट आहे, शालेय पुस्तकांत त्याला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हटलेले असते, आणि त्याच खोऱ्यातील चुलीपुढे म्हातारी मोबाइलच्या उजेडात साखर शोधत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून एकवीस मिनिटांनी, येथे भूकंप झाला तेव्हा ती नव्याने नांदायला आलेली होती. घर पडले, पण गोठ्यातील म्हैस दोर तोडून बाहेर उभी होती, एवढेच तिने सांगितले आणि लेखकाच्या बशीत आणखी चहा ओतला. लेखक तोवर आपल्यावर ओढवलेल्या प्रसंगाचे वर्णन ‘भयंकर’ या शब्दाने करीत होता.

आत्या मात्र चहाला आली नव्हती. ती गाडीतच बसून राहिली होती. लेखक तिची क्षमा मागण्यासाठी परत गेला तेव्हा तिने मागच्या आसनावर पाय लांब केले होते, उशी मानेखाली होती, चारी काचा खाली होत्या आणि ती नदीच्या बाजूला पाहत होती. या रस्त्याने ती आयुष्यभरात किती वेळा गेली होती याचा हिशेब तिने स्वतःच दिला: नोकरीच्या बत्तीस वर्षांत दर मे महिन्यात आणि दर दिवाळीत, शिवाय भावाच्या, म्हणजे लेखकाच्या वडिलांच्या आजारपणात सात वेळा, आणि प्रत्येक वेळी एसटीने, बहुतेक वेळा मागच्या चाकावरील आसनावर, कारण तिकीट काढून ती चढेपर्यंत तेवढेच उरलेले असे. शेवटच्या वेळी ती पोहोचली तेव्हा भाऊ गेलेला होता आणि तिला पाठीमुळे वाकून त्याच्या पायाला हात लावता आला नाही. “ह्या वाटेला नदी आहे हे मला ठाऊक होतं,” ती म्हणाली, “पण बघितली आज. तू घाई करू नकोस.” गाडीतील अस्वस्थतेविषयी मागे जो नियम सांगितला त्याला एक पुरवणी जोडावी लागते: मागच्या आसनाचा आराम त्या दिवशी पुरता हाती आला तो गाडी बंद पडल्यावर. लेखकाने थोडा वेळ बॉनेटमध्ये डोके घालून काही तरी पाहत असल्याचे दाखवले. आत पाहण्यासारखे काही नव्हते.

नवे डिझेल आणणे हा पुढील टप्पा. वीस लिटरचे दोन कॅन दोन्ही मांड्यांवर घेऊन लेखक मिस्त्रींच्या मोटारसायकलवर मागे बसला आणि सलून गाडीच्या आसनांविषयी मागे जे सांगितले आहे त्याची प्रत्येक खड्ड्यागणिक उजळणी झाली. जुन्या नोटा खपण्याचे जवळचे ठिकाण एकच असल्यामुळे जावे लागले ते त्याच पंपावर. तोच तरुण समोर आला, त्याने कॅन पाहिले, लेखकाला ओळखले नाही आणि विचारले, “प्रीमियम की साधं?” लेखकाने ‘डिझेल’ हा शब्द त्रिवार आणि इतक्या मोठ्याने उच्चारला की तिन्ही रांगा वळून पाहू लागल्या. परतीच्या वाटेवर एक कॅन गळत होता. तेव्हापासून लेखकाच्या एका पँटला जो वास येतो त्यावरून त्याची गाडी डिझेलची आहे हे कोणालाही सांगण्याची गरज राहिलेली नाही.

मिस्त्रींनी टाकी उपसून, नळ्या सोडवून, फिल्टर नव्या डिझेलने धुऊन पुन्हा बसवला होता. यानंतर ‘एअर काढणे’ हा विधी येतो. डिझेलच्या नळ्यांत हवेचा बुडबुडा अडकला की पंप तेलाऐवजी हवाच दाबत बसतो आणि इंजिनात काही पोहोचत नाही. म्हणून इंजिनाच्या माथ्यावरील नळ्यांचे नट किंचित सैल करून स्टार्टर फिरवावा लागतो, आधी फेस येतो, मग थेंब येतात, मग चिळकांडी उडते, आणि ती उडताक्षणी नट आवळावा लागतो. मिस्त्री पान्यावर होते, लेखक किल्लीवर. “मारा… बास! मारा… बास!” या आज्ञांनी तिन्हीसांज उलटली. बॅटरी मान टाकू लागली तेव्हा टेम्पोची बॅटरी जोडण्यात आली; सेन्सरवाला टेम्पोचालक तोपर्यंत गेलेलाच नव्हता. शेवटच्या खेपेला गाडी खोकली, एका सिलिंडरवर उठली, दुसरा जागा झाला, पांढरा धूर सगळ्या तज्ज्ञमंडळावर पसरला, आणि मग चारही एकत्र बोलू लागले. तो आवाज पिठाच्या गिरणीचा होता. त्याच्याविषयी मनात कोणताही संदेह येण्याचे कारण नव्हते, आणि त्याहून गोड आवाज लेखकाने त्यापूर्वी ऐकलेला नव्हता.

मजुरी चौदाशे रुपये झाली. लेखकाजवळ बाद झालेल्या नोटा होत्या, ज्या मिस्त्री घेईनात, आणि दोन हजारांची एक नवी गुलाबी नोट होती, जिचे सुटे त्या गावातच काय पण त्या आठवड्यात त्या तालुक्यातही असतील असे वाटत नव्हते. त्यावर मिस्त्रींनीच तोडगा काढला: “पैसं ऱ्हाऊ द्या. हे मिक्स ठिवून जावा, पार्ट धुवायला हुईल.” चलन कोसळले की समाज वस्तुविनिमयाकडे वळतो, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचलेले तत्त्व डोळ्यांदेखत सिद्ध झाल्यामुळे लेखकाने ते आनंदाने मान्य केले. त्या मिश्रणात अडीच हजारांचे पेट्रोल आणि सुमारे नऊशेंचे डिझेल होते, हा हिशेब त्याला चिपळूणच्या पुढे सुचला.

निघताना मिस्त्रींनी थांबायला सांगितले. नंबर प्लेट रंगवून उरलेल्या लाल ऑईलपेंटचा डबा आणि बारीक कुंचला घेऊन ते झाकणाजवळ उकिडवे बसले, टॉर्चच्या उजेडात देवनागरीत तीन अक्षरे काढली, मागेपुढे एकेक ठिपका दिला आणि पहिल्या अक्षराच्या वेलांटीला ट्रकवर असतो तसा एक झोकदार फराटा मारला.

कुंभार्ली घाट अंधारात उतरला, त्यामुळे त्याच्या सौंदर्याविषयी येथे काही लिहिता येत नाही. गुहागरला पोहोचण्यास अकरा वाजले. व्याडेश्वराचे दर्शन दुसऱ्या दिवशी झाले. देवळाचे अंगण मोठे आणि थंड आहे, आणि मागे सुरूच्या बनापलीकडे समुद्र आहे. आत्याने देवाला काय सांगितले ते कळले नाही, परंतु परतीच्या प्रवासात पाटणच्या अलीकडे तिने गाडी दहा मिनिटे थांबवायला लावली, आणि इंजिनही बंद करायला लावले.

व्याकरणात लोप पावलेल्या वर्णाच्या जागी दुसरा येतो त्याला ‘आदेश’ म्हणतात. सहा रोमन अक्षरांच्या जागी आलेल्या त्या तीन लाल अक्षरांत ‘झे’ऐवजी ‘जे’ आहे. दुकानांच्या पाट्यांवरील ऱ्हस्व-दीर्घावरून दुकानदारांशी हुज्जत घालणाऱ्या लेखकाने ती चूक अद्याप तशीच ठेवली आहे. ‘टिक्’ हा आवाज अजून येतो. पत्नीने हेअर ड्रायर कपाटात कुलपाखाली ठेवला असून किल्ली आत्याकडे दिली आहे.